सुतारमामा आणि पहिला बाक

चर्चचा पहिला बाक मी मोडला. भिंतीवरचं घड्याळ मागं पडलं होतं, ते पुढं करायला शनिवारी बुटांसकट बाकावर चढलो आणि एक पाय कडकन गेला. बाकाचा, माझा नव्हे. इकडंतिकडं पाहिलं, पायाखाली चार गीतपुस्तकं रचली आणि शीळ घालत घरी गेलो.

रविवारी त्या बाकावर विश्वस्तकाका बसले. देवापुढं सगळी माणसं सारखी, असं पाळकसाहेब सांगत होते. सगळ्यात जोरात मान डोलावत होते काकाच. बहुधा त्यामुळंच गीतपुस्तकं सरकली.

जमिनीवरून उठले ते थेट मागं बोट दाखवत. मागच्या बाकांवर धुलाई कारखान्यातली माणसं बसत. परक्या मुलखातून आलेली. भाषा वेगळी, सूर मात्र आमच्यापेक्षा बरा.

"यांचीच करामत! पुढच्या रविवारपासून यांनी वऱ्हांड्यात बसायचं!"

त्यांच्यातल्या आजीला शब्द कळले नाहीत, बोट कळलं. शाल सावरून ती लगेच उठून निघाली.

तेवढ्यात आमचे सुतारमामा पुढं आले. पाळणा असो की शवपेटी, बंगल्यातली असो की खोपटातली, मामा पॉलिश पेपर तीनदा मारणार. "पेटी आतून कोण बघतंय?" असं विचारलं, तर म्हणतात, "ज्याच्याकडं चाललाय तो."

मामांनी वाकून बाकावरचा बुटाचा ठसा पाहिला. मग माझे बूट पाहिले. मी पाय बाकाखाली ओढले.

"म्हणजे ज्यानं मोडला त्यानं वऱ्हांड्यात. बरोबर, काका?"

"बरोबर! मग तो कोणी का असेना!"

मामा कानावरची पेन्सिल काढून शांतपणे तासत बसले. माझं नाव काही घेईनात. आजी दाराशी पोचली. मग मात्र मला राहवेना. "मीच मोडला," म्हणालो आणि तिच्या आधी वऱ्हांड्यात जाऊन उभा राहिलो.

कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकसाहेबच असावेत. कुणी आजीला खुणांनी सगळं सांगितलं. तिनं माझा कान धरला, अगदी घरच्यासारखा पिळला आणि त्याच कानाला धरून मला आत आणून आपल्याशेजारी बसवलं. न्याय आणि दया, दोन्ही एकाच कानावर! शेवटचं गीत दोन भाषांत झालं. पहिला बाक मोडलेला, म्हणून काकाही आमच्यातच दाटीवाटीनं बसले आणि बेसूर गायले.

आता रोज संध्याकाळी मी मामांच्या हाताखाली बाक घासतो. परवा न राहवून म्हणालो, "मामा, खरं म्हणजे मी वऱ्हांड्यातच राहायला हवं होतं."

मामांनी पॉलिश पेपरचा नवा तुकडा माझ्या हातात कोंबला.

"मग उरलेले अकरा बाक कोण घासणार, तुझा बाप?"