एका वेलाचे दोन अर्थ

तळोद्याच्या बाजारात कृष्णकमळाची रोपं विकणारा तो माणूस मला संशयास्पदच वाटतो. तो आधी गिऱ्हाइकाचा गळा बघतो, मग फुलाचा अर्थ सांगतो. तुळशीची माळ दिसली की, "शंभर कौरव, पाच पांडव, मझार कृष्ण शे, भाऊ." क्रूस दिसला की त्याच फुलात येशूचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे निघतात. ठाम बाजू घ्या, असं सांगणारी पत्रकं आम्ही चळवळीतली माणसं याच बाजारात वाटतो. असल्या दुतोंडीपणाची मला चीड आहे.

परवा पाड्यावरची एक ख्रिस्ती मावशी रोप घेत होती, तेवढ्यात चौघे दमदाटी करत आले. "येशूना वेल इकी ऱ्हायना का रे?"

मावशीनं क्रूस पदराखाली लपवला. रोपवाला शांतपणे म्हणाला, "मावशी, तूच सांग, कसानं फूल शे?"

ती खाली बघत पुटपुटली, "कौरव-पांडव."

चौघे निघून गेले. मावशी वाचली, हे मान्य. पण ते तिच्याच तोंडून का वदवून घेतलं, असं मी भडकून विचारलं.

"मन्हं सांगनं कोन खरं मानस, भाऊ?" तो हसला.

मावशी मात्र रोप तिथेच ठेवून निघून गेली होती.