बिनमिठाची चटणी

आण्णांची मूत्रपिंडं थकत चालली आहेत, हे कळलं तेव्हा ते कसबा बावड्याच्या साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. डायलिसिस म्हणजे काय ते आम्हाला शेजारच्या एका काकांमुळे ठाऊक होतं, म्हणून तो शब्द घरात कोणी काढत नसे. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, मटण जवळजवळ सोडायला लावलं आणि मीठ अगदी कमी करायला सांगितलं. दाब उतरला तर मूत्रपिंडं टिकतील, म्हणाले.

आईने त्याच संध्याकाळी मिठाची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. तिची आमटी आम्ही सगळेच मुकाट्याने जेवायचो. तीन महिन्यांनी दाब तसाच होता. मूत्रपिंडं किती थकलीत ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणखी चढलं होतं.

"वहिनी, मीठ खरंच घालत नाही ना?"

"चिमूटभर बी न्हाय, डॉक्टर."

"पावणं बी येईनात आता," आण्णा म्हणाले. "आमटी बघूनच उठत्यात."

डॉक्टर हसले. "मग घास उतरतो कशावर?"

"घरची चटणी हाय की, कांदा-लसणाची. वर्षाची कुटून ठेवलीया. चव यावी म्हणून ह्यांच्या आमटीत दोन चमचे जादाच पडत्यात."

"त्या चटणीत मीठ असतं?"

"त्याबिगर वर्षभर टिकंल व्हय?" आई म्हणाली.

रिक्षात ती बाहेर बघत बसली. "माझ्याच हातानं झालं की हे."

"चव बाकी झकास हुती," आण्णा म्हणाले.

मग ती बिनमिठाची चटणी करू लागली. ती टिकायची नाही, म्हणून दर आठवड्याला मूठभरच. खलबत्ता आण्णांनी आपल्याकडे घेतला. पुढच्या तपासणीत दाब उतरला होता. वर्षभरात क्रिएटिनिन पहिल्या आकड्याच्याही थोडं खाली आलं. "गेलेलं सगळं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण हे थोडं मागे फिरलंय. जपा."

त्यानंतर आण्णा नऊ वर्षं जगले. डायलिसिस कधीच लागलं नाही. गेले ते हृदयविकाराने.

आजाराआधी आण्णांचं आणि माझं बोलणं माझ्या फीपुरतं आणि निकालापुरतं असे. त्या नऊ वर्षांत एका दुपारी त्यांनी विचारलं, "काय वाचतीस गं एवढं? मला बी सांग की." तेव्हापासून मी वाचलेलं त्यांना सांगू लागले. मी थांबले की म्हणायचे, "मग, फुडं?"

शेवटचं पुस्तक निम्मं सांगून झालं होतं. त्याच्या पुढचं मी अजून वाचलेलं नाही.