मनगटावरची झोप

आमच्या स्टाफरूममध्ये पूर्वी दोनच विषय चालायचे: महागाई भत्ता आणि पोरांची अक्षरं. वर्षभरापूर्वी तिसरा आला, झोप! त्याच्या गोष्टी माझ्याकडे इतक्या साचल्यात की लग्नकार्यात कुणी सहज "काय मॅडम, झोप होते ना नीट?" असं विचारलं, तरी मी अर्धा तास सोडत नाही. समोरच्याला खरंच जांभई आली की मग थांबते.

झालं असं. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. एरवी आम्हाला शाल आणि नारळ मिळतो. पण पुण्यात आयटीत असलेल्या सागरने यंदा सगळ्या स्टाफला फिटनेस बँड दिले. मनगटाला बांधायचा काळा पट्टा. पावलं मोजतो, नाडी मोजतो, आणि रात्रभर तुमची झोप मोजून सकाळी शंभरपैकी मार्क देतो! सागरने वर एक ग्रुपही करून दिला. रोज सकाळी सगळ्यांचे मार्क सगळ्यांना दिसायचे.

"इतकी वर्षं तुम्ही आम्हाला मार्क दिलेत," सागर माईकवर म्हणाला, "आता तुमची पाळी!"

आम्ही बिचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

मी विज्ञान शिकवते. आयतं यंत्र हातात पडलं आणि त्याची परीक्षा घेतली नाही, तर मला चैन पडत नाही. हिंदीच्या शेख सरांचा बँड मी एका रात्रीपुरता मागून घेतला. डाव्या हाताला माझा, उजव्या हाताला त्यांचा. बाई एकच, गादी एकच, रात्र एकच.

सकाळी डावा म्हणाला, सात तास दहा मिनिटं. उजवा म्हणाला, साडेपाच तास!

मी दोन्ही मनगटं नवऱ्यापुढे धरली. "आता सांगा, मी झोपले किती?"

त्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे नीट वाचले. "दोन्ही बरोबर आहेत. उजव्या हाताला कामं जास्त. तो लवकर उठून कणीक मळायला लागला असणार!"

शाळेत गेले तर शेख सर माझी वाटच बघत होते.

"मॅडम, माझे मार्क कधी ऐंशीच्या खाली नाहीत. आज ग्रुपवर माझ्या नावासमोर बावन्न! बायको सकाळपासून विचारतेय, काय लपवताय माझ्यापासून?"

*

शेख सरांचाच आणखी एक किस्सा. रमजान सुरू झाला. सर पहाटे सहरीला उठायचे, खाऊन घ्यायचे, नमाज झाली की तासभर पडायचे. बँडला हे अजिबात आवडलं नाही. चौथ्या दिवशी मोबाईलवर सल्ला आला: 'तुमची झोप तुटक होत आहे. पहाटेचे जेवण टाळून पाहा.'

सरांनी तो अम्मींना वाचून दाखवला. अम्मी भाकरी भाजत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"उसको बोल, ईद के दिन आना. शीरखुर्मा खिलाती!"

*

तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण होतं. विषय, 'आनंददायी अध्यापन'. वेळ, जेवणानंतरची. बोलणारे साहेब खुर्चीत बसून पडद्यावरचं एकेक वाक्य एका सुरात वाचत होते.

चहाच्या सुट्टीत शेख सरांनी मोबाईल काढला आणि आम्हाला दाखवला. दुपारी दोन ते अडीच: हलकी झोप! आम्ही हसतोय तोच साहेब मागे येऊन उभे.

"शेख, तुम्ही माझ्या सेशनमध्ये झोपला होता?"

"नाही सर!" सर गडबडीने म्हणाले. आणि त्यांनी साहेबांचे सातच्या सात मुद्दे क्रमाने म्हणून दाखवले. उदाहरणांसकट!

साहेब खूश झाले. "अहो, हे फुकटात मिळालेले बँड असेच असतात. गप्प बसलेला माणूस यांना झोपलेलाच वाटतो. हे बघा माझं घड्याळ. भारीतलं आहे, एक मिनिट चुकत नाही." त्यांनी स्वतःचा मोबाईल उघडून आमच्यापुढे धरला.

दुपारी दोन ते अडीच. गाढ झोप!

शेख सरच अदबीने म्हणाले, "सर, तुमचं खरंच भारीतलं आहे. आमचं नुसतं हलकी म्हणालं होतं."

*

आमच्या मुख्याध्यापिका गाडेकर मॅडम. सगळ्या शाळेत बँडवर त्यांच्याइतका विश्वास कुणाचाच नव्हता. सत्तरच्या वर मार्क असले की मॅडम हसत यायच्या. साठच्या खाली असले की मोटारसायकल लावण्यावरून सुद्धा बोलणी बसायची.

हे सगळ्यात आधी ओळखलं आमच्या शिपाई नामदेव मामांनी. ते गेटवरच उभे राहून बातमी द्यायचे.

"आज एक्याऐंशी हाय! रजेचा अर्ज टाकायचा आसंल तर आत्ताच टाका."

किंवा, "आज चोपन्न. आत कुनी जाऊ नगा, लई गरम हाय."

एकदा मॅडम चार्जिंग करायला विसरल्या, बँड रात्रभर बंद राहिला. सकाळी मॅडम काय ताज्यातवान्या होत्या! परिपाठाला पोरांबरोबर प्रार्थना म्हणाल्या. मग ऑफिसात जाऊन त्यांनी ग्रुप उघडला. त्यांच्या नावापुढे नुसती रेघ.

मॅडमचा चेहराच उतरला. "म्हणजे मी रात्री झोपलेच नाही की काय?"

त्यांनी घरी फोन लावला. गाडेकर साहेबांचा आवाज आम्हाला दारातून ऐकू आला. "झोपली नाहीस? अगं, इतकी घोरत होतीस की मी उशी घेऊन हॉलमध्ये गेलो!"

"ते राहू दे," मॅडम म्हणाल्या, "पण नोंद कुठंय?"

दुपारपर्यंत मॅडमचं डोकं दुखायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले, आणि त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'झोप न झाल्यामुळे'.

*

दिवाळीच्या सुट्टीत शाळेची राखण नामदेव मामांकडे असते. संस्थेच्या एका संचालकांनी मॅडमकडे तक्रार केली होती की मामा रात्री झोपा काढतात. मामांच्या नोकरीचा प्रश्न होता. मॅडमनी मामांना सांगितलं, "बँड काढायचा नाही. काय ते खरं समोर येईल."

सुट्टी संपली. मॅडमनी पंधरा रात्रींचे आकडे काढले. एक तास. चाळीस मिनिटं. सव्वा तास. एका रात्री तर साफ शून्य! मॅडमचे डोळे पाणावले. त्यांनी तो कागद संचालकांना पाठवला, आणि पहिल्याच दिवशी परिपाठाला मामांना पुढे बोलावलं. "मुलांनो, कर्तव्य म्हणजे काय ते यांच्याकडून शिका. पंधरा रात्री डोळ्याला डोळा लावला नाही!"

टाळ्यांच्या गजरात मामा मान खाली घालून उभे. आम्हाला वाटलं, केवढा हा नम्रपणा!

नंतर प्रयोगशाळेत पाणी ठेवायला आले तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, तुमाला म्हनून सांगतो. म्या रोज रातच्याला मेल्यावानी झोपलो हुतो."

"अहो मामा, मग हे आकडे?"

"डास लई हुते, बाई. झोपंतच हात मारीत हुतो!"

*

मुळे सर आमचे गणिताचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोलणं मोजकं. झोपेत त्यांना पन्नासच्या पुढे मार्क कधी पडले नाहीत. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "आहे मी कच्चा."

दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती. सोमवारी सकाळी ग्रुप उघडला तर मुळे सर, नव्वद! मंगळवारी ब्याण्णव. बुधवारी चौऱ्याण्णव. गुरुवारी शहाण्णव! इतके मार्क आमच्यात कुणालाच कधी पडले नव्हते.

"सर, गोळी कुठली घेता, आम्हालाही सांगा," शेख सर म्हणाले. मुळे सर नुसते हसले.

गाडेकर मॅडमना राहवलं नाही. दुपारच्या सुट्टीत सत्कार ठरला. मामांनी पेढे आणले, मी बागेतलं गुलाबाचं फूल आणलं. पंख्याखालच्या खुर्चीत सरांना बसवलं आणि मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. "चिंता बाजूला ठेवून कसं झोपावं, हे सरांकडून…"

एवढ्यात सरांची मान खाली गेली. हातात पेढा तसाच, आणि सर चक्क घोरायला लागले!

आम्ही पोट धरून हसलो. "शहाण्णववाले दिवसाही अभ्यास करतात!" शेख सर म्हणाले.

सर वाकले तसा त्यांच्या खिशातून एक कागद खाली पडला. मी उचलला. नगरच्या एका हॉस्पिटलचा पास होता, रुग्णाजवळ रात्री थांबणाऱ्याचा. त्यावर मुळे वहिनींचं नाव.

मी सरांच्या खांद्याला हात लावला. "सर, वहिनी दवाखान्यात आहेत?"

सर दचकून जागे झाले. कागद बघून ओशाळले.

"पोटाचं ऑपरेशन झालं रविवारी. आता धोका नाही म्हणतात, शनिवारी सोडतील. दिवसा मुलगी असते, रात्री मी. शाळा सुटली की एसटीने जातो, पहाटेच्या गाडीने येतो."

"अहो, मग रजा नाही का घ्यायची?" मॅडम म्हणाल्या.

"पोरांचे गणिताचे पेपर आहेत ना या आठवड्यात."

"मग झोपता कधी?"

"झोप कसली. दुखतं फार, त्यामुळे तिचा डोळा लागत नाही. माझा हात धरला की लागतो. नेमका हा, डावा. पण जरा हलला की दचकून उठते. म्हणून स्टुलावर बसायचं आणि सकाळपर्यंत हात हलू द्यायचा नाही. एवढंच काम."

शेख सरांनी अर्धा खाल्लेला पेढा कागदावर ठेवला.

"म्हणजे हे शहाण्णव…" गाडेकर मॅडम म्हणाल्या.

मुळे सरांनी डाव्या मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"मार्क बरोबर आहेत, मॅडम," ते म्हणाले. "फक्त विद्यार्थ्याचं नाव चुकलंय."