न शिकलेल्या कामांवर सही

माझ्या भावाची मुलगी लहानपणी दिसेल ते मोजायची. भाऊ सुतार, त्यामुळे टेप तिच्या हाताशीच असायचा. दाराची फळी, मांजराची शेपटी, माझी वेणी, काही म्हणून सोडलं नाही. घरात तिचं नावच पडलं मोजपट्टी. पुढे तिने कृत्रिम हातपाय बनवायचा अभ्यासक्रम घेतला, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने तिला तीन महिन्यांच्या इंटर्नशिपला परदेशी पाठवलं. पत्रात लिहिलं होतं की रुग्णांची मापं घ्यायची, प्लास्टरचे साचे काढायचे, ते कानशीने घासून आकाराला आणायचे. चौथ्याच दिवशी तिचा फोन आला.

"आत्या, मला इथे झाडू दिलाय."

"मग झाड की. कामाला कसली लाज?"

"लाज नाही गं. वर्कशॉपभर प्लास्टरचा भुगा असतो, कुणीतरी झाडायलाच हवा. पण झाडायला मला घरीच येत होतं. त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा?"

सकाळी झाडणं, दुपारी खोक्यांवर लेबलं चिकटवणं आणि संध्याकाळी साचे धुणं, असा दिवस जायचा. काम बघायला म्हणून एखाद्या टेबलाशी उभी राहिली, की तिथला मुख्य तंत्रज्ञ म्हणायचा, "उजेड अडवू नकोस."

दुसऱ्या आठवड्यात तिला एकदाचं टेबलाशी बोलावलं. नवा कोरा एप्रन दिला, हातात कानस दिली, समोर साचा ठेवला. हिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात फोटोग्राफर आला. "साच्याकडे बघ. थोडं हस." चार फोटो झाले आणि मुख्याने कानस काढून घेतली. माहितीपत्रक छापायचं होतं म्हणे!

त्या दिवशी फोनवर ती रडली नाही. नुसती फणफणत होती. तिची आई म्हणाली, "जरा गप्प बस बाई, परक्या मुलखात आहेस." भाऊ मात्र फोन ठेवल्यावर रंधा असा चालवायला लागला की फळी निम्मी झाली.

मग एक निवृत्त पोस्टमन आला. गुडघ्याखाली पाय गेलेला, पंधरा दिवसांत तिसरी खेप. नव्या पायात उभं राहिलं की कळ यायची. मुख्याने खुर्चीवरूनच सांगितलं, "सैल होत असेल. जाड मोजा घाला, सवय होईल."

मोजपट्टी शेजारीच फरशी पुसत होती. म्हाताऱ्याने पाय काढला तेव्हा तिला दिसलं, की नडगीच्या हाडाच्या टोकाशी कातडी लालभडक होऊन सोलवटली होती. उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो, ती तिथेच काचत होती. तिने फडकं बादलीत टाकलं.

"सर, सैल नाही, घट्ट आहे. जाड मोजा घातला तर अजून काचेल."

मुख्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तू इथे बघायला आली आहेस. बोलायला नाही."

"बघायलाच आलेय, म्हणून तर दिसलं. तुम्ही उठून बघितलं कुठे?"

मुख्याने तिला बाहेर काढलं. दार लागता लागता तिने पाहिलं, पोस्टमन तो जाड मोजा मुकाट्याने चढवत होता.

दुसऱ्या दिवशी इंटर्नशिपचं कामकाज बघणाऱ्या बाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला. पहिल्या पंधरवड्यात शिकलेल्या कामांची यादी होती. मापं घेणं, पूर्ण. साचा काढणं, पूर्ण. आकार देणं, पूर्ण. सगळीकडे आधीच खुणा केलेल्या, राहिली होती फक्त हिची सही.

"ही सगळ्यांचीच पद्धत आहे. तुझाच फायदा आहे यात," बाई गोडीत म्हणाल्या.

मोजपट्टीने तिन्ही ओळींवर काट मारली. खाली लिहिलं, "झाडणं, पूर्ण. फोटोसाठी हसणं, पूर्ण." त्याखाली पोस्टमनच्या जखमेची हकीकत जागेच्या मापासकट लिहिली आणि मग सही केली.

बाईंनी कॉलेजला कळवलं. कॉलेजच्या सरांचा तिला लगेच निरोप, "आपल्या कॉलेजचं नाव खराब करू नका." मुलीला दोन आठवडे लेबलं चिकटवायला लावली, तेव्हा नाव कुठे गेलं होतं, हे मला त्यांना विचारायचं होतं. भावाने हात धरला म्हणून विचारलं नाही.

तो कागद मात्र बाईंना फाडता आला नाही, कारण सही झालेला कागद नोंदीत ठेवावाच लागायचा. त्यांनी पोस्टमनला पुन्हा बोलावून घेतलं. खोबण तपासली एका अबोल, जाड भिंगाच्या चष्म्याच्या कारागिराने. त्याने ती गरम हवेने तापवून हाडापाशी थोडी फुगवली. म्हातारा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, परत फिरून पुन्हा चालला. कारागीर हिच्याकडे वळून एवढंच म्हणाला, "सोमवार-गुरुवार दुपारी माझ्या टेबलाशी ये."

आठवड्यातून दोन दुपारी मिळाल्या. माफी कुणी मागितली नाही. माहितीपत्रकही छापून आलं, पहिल्या पानावर हिचाच हसरा चेहरा. तो मुख्य तंत्रज्ञ तिच्याशी बोलत नाही. काही सांगायचं झालं तर दुसऱ्याकरवी सांगतो.

काल तिने पहिला साचा स्वतः काढला. फोनवर वीस मिनिटं बोलली. त्यातली पाच साच्याबद्दल होती, उरलेल्या पंधरात तिने त्या मुख्याचा उद्धार केला. मी मध्ये एकदाही अडवलं नाही.