दसऱ्याचा ब्रश

बाबांच्या मोटारसायकलची फ्रेम गॅरेजमध्ये हुकाला उघडीबोडकी लटकत होती. जुना रंग खरवडून झाला होता. मेकॅनिक म्हणाला, "पावडर कोटिंग करा. भट्टीत भाजून पक्कं होतं, मग वर्षानुवर्षं बघायला नको."

मला पटलं. बाबांचा चेहरा मात्र पडला. "मग दसऱ्याला मी काय करू?"

दर दसऱ्याला गाडी धुऊन झाली की हार घालण्याआधी बाबा बारीक ब्रशने तिचे ओरखडे भरत बसतात. तेव्हा आईच्या हाकाही त्यांना ऐकू येत नाहीत. मायेला शिरायला थोडी जागा लागते, ओरखड्याएवढी पुरते.

आम्ही साधा रंगच लावला. गाडी चकचकीत होऊन घरी आली. बाबांनी वाकून सगळी फ्रेम न्याहाळली आणि जरा खट्टू होऊन म्हणाले, "एकही ओरखडा नाही."