न्यायमंत्र्याला घातलेला हार

माझ्या मुलीच्या निबंधातली चार पानं मी काढून टाकली आणि त्या जागी माझी चार घातली. तिला न विचारता. हेतू चांगला होता, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत राहिलो. हेतूचं कौतुक आता पुरे झालं.

दोन हजार दहानंतरची ती वर्षं आम्ही बॉनला होतो. मी एका टेलिफोन कंपनीत नोकरीला, मुलगी गिम्नाझियममध्ये, म्हणजे तिथल्या माध्यमिक शाळेत, अकरावीला. तिथे अकरावीत प्रत्येकाला एक 'फाखआर्बाइट' लिहावी लागते, म्हणजे एका विषयावर अभ्यास करून बारा पानांचा निबंध. शेवटच्या पानावर 'हे सगळं मी स्वतः लिहिलं आहे' असं छापलेलं असतं, त्याखाली सही करायची.

तिने विषय घेतला एक स्वीडिश कायदेपंडित, शंभर वर्षांपूर्वी तिथला न्यायमंत्री झालेला.

"अगं, जर्मनीत राहून स्वीडनचा माणूस कशाला?"

"कारण वर्गात तो कुणालाच माहीत नाही, बाबा." मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीत.

आणि मग त्या माणसाने मलाच झपाटलं! पोस्टमास्तरचा मुलगा. उप्सालाच्या विद्यापीठात कायदा शिकला, मग लांब उत्तरेला न्यायालयात उमेदवारी. हिवाळ्यात घसरगाडीवर कागदांची पेटी बांधून गावोगावी खटले चालवायला जायचा. पुढे न्यायाधीश झाल्यावर तुरुंग पाहायला गेला आणि लिहिलं, की माणसाला महिनोन् महिने एकट्याला कोंडून ठेवणाऱ्या या कोठड्या बंद करा. शनिवारी आम्ही दोघं विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचो. घरी जेवणाच्या टेबलावर स्वीडनचा नकाशा पसरलेला. "बाबा, ऐका ना, मंत्री झाला तो!" असं ती ट्राममध्येच ओरडली, तेव्हा समोरच्या आजीबाईंनी आमचं अभिनंदन केलं होतं. इतकी वर्षं तारा, केबल, एक्सचेंज यांत घालवलेला मी, एका परक्या देशातल्या न्यायाधीशासाठी हापिसात घड्याळ बघायला लागलो.

निबंध पूर्ण झाला आणि ती शाळेच्या हॉकी स्पर्धेला गेली. सही केलेलं शेवटचं पान माझ्या हातात दिलं. मी फक्त पानांना आकडे घालायचे, छापून, बांधून शाळेत द्यायचं.

मी वाचायला बसलो. आठ पानं सुरेख. नववं पान वाचलं आणि मी हबकलो. तिने विचारलं होतं : कोठड्या बंद करा म्हणणारा हा माणूस मंत्री झाला, अधिकार हातात आला, तेव्हा त्याने त्या बंद का नाही केल्या? चार पानं तिने त्याला सोडलं नव्हतं.

माझ्या शाळेत थोर पुरुषांवर निबंध असायचा. जन्म, कष्ट, कार्य, आणि शेवटी आपण काय बोध घ्यावा. थोर माणसाला प्रश्न विचारला की गुरुजी गुण कापायचे. मी लिहायला बसलो.

बायको चहा ठेवून गेली. "अहो, आकडे घालायला इतका वेळ?"

"जरा नीटनेटकं करतोय."

"तिचं आहे ते. तुमचे हात आवरा."

मी आवरले नाहीत. चांगली चार पानं लिहिली, त्याच्या मोठेपणाची. खरं सांगतो, लिहिताना मला फार आनंद होत होता.

दोन आठवड्यांनी इतिहासाच्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. आम्ही पायऱ्या जवळजवळ पळतच चढलो. "बक्षीस असणार," मी म्हणालो. ती हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही भाषण करू नका हं."

बाईंनी निबंध उघडून तिच्यासमोर ठेवला. "आठ पानं तू प्रश्न विचारतेस. नवव्यापासून त्याच्या गळ्यात हार घालतेस. ही पानं कुणी लिहिली? दुसऱ्याने लिहिली असतील तर खालची सही खोटी ठरते, आणि मला या कामाला शून्य द्यावं लागेल."

मुलीने नववं पान वाचलं. दहावं वाचलं. कानापर्यंत लाल झाली. तिला माझं जर्मन ओळखता येतं, माझी लांबलचक वाक्यं तर नक्कीच. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाली, "मीच लिहिली."

आयुष्यात खोटं न बोललेली मुलगी. मी उभा राहिलो.

"ती खोटं बोलते आहे," मी बाईंना म्हणालो. "ही पानं माझी आहेत. तिला ठाऊकही नव्हतं. तिने लिहिलेली चार पानं घरच्या कॉम्प्युटरवर आहेत, तारखेसकट. ती वाचा आणि मग गुण द्या."

मी मुलीकडे वळलो. त्या खोलीत मराठी कळणारी आम्ही दोघंच होतो.

"तू लिहिलेलं मी खोडलं," मी म्हणालो. "तुला विचारलंसुद्धा नाही. आणि आत्ता माझ्यामुळे तुला खोटं बोलावं लागलं. तुझा प्रश्न बरोबर होता, बाळा. मला तो विचारायचा धीर नव्हता, म्हणून मी तुझाही काढून घेतला. चुकलो मी. मला माफ कर."