लक्ष्यामागचा बांध

आमच्या मैदानावर परदेशी संघ खेळायला येणार हे कळलं, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. ऐंशी साल नुकतंच उलटून गेलं होतं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर जायचे. आमच्या वस्तीत मुलीच्या तिरंदाजीचं फारसं कौतुक नव्हतं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत मात्र मला धनुष्य घेऊन पुढे चालायला लावत.

मैदान म्हणजे शहराबाहेरचा सपाट केलेला माळ. एका टोकाला पेंढ्याची गोल लक्ष्यं, आणि चुकलेले बाण पलीकडच्या रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून त्यांच्यामागे मातीचा उंच बांध. तो सुरगाण्याकडच्या मजुरांनी घातला होता. भातकापणी आटोपली की ते कामाला येत आणि मैदानाच्या कडेलाच पालं ठोकून राहत.

त्यांच्यात माझ्याच वयाची एक बाई होती. मी बाण काढायला गेले की घमेलं खाली ठेवून बघत उभी राहायची. एकदा मी धनुष्य तिच्या हातात दिलं. तिने दोरी थोडी ओढून पाहिली आणि हसली.

"माझे बापाचे घरी बी धनुक आहा. बांबूचा. हा लय जड."

"शिकार करतात का ते?"

"करायचा. आता रान कुठं राहिला?"

मग रोज संध्याकाळी आमच्या गप्पा व्हायच्या. मला अजून मागणी कशी आली नाही, याची तिला फार काळजी. "येतात की," मी म्हणायचे, "पण हे धनुष्य बघून परत जातात." तिला ते इतकं आवडलं की तिने नवऱ्याला हाक मारून सांगितलं. तो लाजून मान खाली घालून माती ओढत राहिला.

स्पर्धा आठवड्यावर आली आणि अधिकारी फीत घेऊन आले. पुरुषांचा सगळ्यात लांबचा पल्ला मोजला, तर मैदान थोडं अपुरं पडत होतं. बाण सोडणाऱ्यांच्या मागे कुंपण होतं, तिकडे सरकायला वाव नव्हता. बांधाचा पायथा कापून जागा करायचं ठरलं.

"आधी वरची माती उतरवायला नको का?" आमच्या प्रशिक्षक सरांनी विचारलं.

"आधी जागा करा. वरचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर पायथा कापत होते आणि मी धनुष्याला दोरी चढवत होते. आवाज फार मोठा झाला नाही. धान्याचं पोतं खाली टाकावं तसा झाला. वर पाहिलं तर बांधाचा मधला भाग बसला होता आणि धुळीत माणसं ओरडत होती. आम्ही सगळे धावलो, हातांनीच माती उपसली. ती बाई सापडली तेव्हा तिचं तोंड मातीने भरलेलं होतं. नवऱ्याने मांडी घालून तिचं डोकं घेतलं आणि पंच्याच्या टोकाने तो माती पुसत राहिला. नाक, डोळे, कानांच्या पाळ्या. कुणी त्याला थांबवलं नाही. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मढं न्यायला जीपवाले तयार होईनात. वडील पाळी संपवून आले, ओळखीच्या ड्रायव्हरला घेऊन आले आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. मीही गेले. घाट चढून तिच्या माहेरी पोचलो तेव्हा तिचा बाप दारातच उभा होता. त्याने विचारलं, "कशानं?" नवरा जीपचं मागचं दार उघडायला वळला. वडील म्हणाले, "बांध पडला अंगावर."

"नदीचा?"

"नाही. खेळाचा. तिथे बाण मारतात. ते अडवायला बांध असतो."

म्हाताऱ्याने वडिलांकडे पाहिलं. आपण चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं असावं. मग तो आत निघून गेला.

बांध पुन्हा उभा केला, त्यावर हिरवळीच्या लाद्या बसवल्या. ठरल्या दिवशी झेंडे लागले, बँड वाजला. मीही खेळले. माझ्या शेजारच्या परदेशी मुलीचा एक बाण लक्ष्याच्या वरून गेला आणि बांधात घुसला. आम्ही दोघी शोधायला गेलो. ती गुडघे टेकून हिरवळीत बोटं खुपसत होती आणि काहीतरी बोलून हसत होती. मलाही खाली बसायची खूण करत होती. मला मातीत हात घालवेना. मी नुसती उभी राहिले. शेवटी बाण तिलाच सापडला. तिने तो बाहीला पुसला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. मी स्पर्धेत मागे पडल्याचं मला वाईट वाटतंय, अशी तिची समजूत झाली असावी.

मी पुढे काही वर्षं खेळत राहिले, मग शाळेत नोकरी लागली. एकदा शाळेच्या कामाने सटाण्याला गेले असताना बाजार समितीत कांद्याच्या गोण्या भरताना तिचा नवरा दिसला. त्याने मला ओळखलं. दुसरं लग्न केल्याचं सांगितलं. पहिला सासरा, म्हणजे बांधाखाली गेली तिचा बाप, वारला होता. शेवटपर्यंत त्याच्याशी बोलला नव्हता.

"नव्या बायकोला कामावर आणलं नाहीस?" मी विचारलं.

"नाय. ती घरीच. आणतच नाय तिला."

ट्रकवरून कुणीतरी हाक मारली. त्याने गोणी पाठीवर घेतली आणि तो गेला.